मापाचा ब्लाउज

नव्या शिंपीणबाईंकडे मी सवयीने मापाचा ब्लाउज नेला. त्यांनी तो उलटसुलट पाहून हसत परत दिला. "याच्या आतल्या खुणा ज्याने शिवला त्यालाच कळणार. उभ्या राहा, आकडे घेते." चिठ्ठीवर सात आकडे उतरले.

मला ऑफिसातला सुहास आठवला. त्याची प्रोग्रामिंगची भाषा वेगळी, आणि त्याच्या प्रोग्रामकडून माहिती घेणारा माझा प्रोग्राम, माझी वेबसर्व्हिस, ती मागायची माझ्याच भाषेच्या खास साच्यात. बिचारा आठवडाभर अडला होता. म्हणजे मीही त्याच्याकडे मापाचा ब्लाउजच मागत होते की! परक्यालाही कळायचं, तर आपला खास साचा सोडावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी वेबसर्व्हिस बदलून नुसते आकडे आणि साधा मजकूर मागितला. "गेलं गं पहिल्या फटक्यात!" सुहास ओरडला.

ब्लाउजही छान बसला. चिठ्ठी मात्र मी मागून घेतलीय. आता कुठल्याही गावात शिवायला टाकायला मी मोकळी.