ऐच्छिक स्नायू

मानवी शरीर हे इच्छाशक्तीचं साम्राज्य आहे. हे वाक्य मी कसब्यातल्या एका मुलींच्या शाळेत वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. त्याखाली साम्राज्याची वाटणी यायची. हातापायांचे स्नायू ऐच्छिक, आपण सांगू तेव्हा हलतात. जठराचे, आतड्यांचे अनैच्छिक, ते आपल्याला विचारत नाहीत. हृदयाचे तिसरेच: सूक्ष्मदर्शकाखाली ऐच्छिकांसारखे पट्टे दाखवतात आणि वागतात अनैच्छिकांसारखे. म्हणजे साम्राज्याचा मुख्य कारभार इच्छाशक्तीला न विचारताच चालतो. परीक्षेत हा प्रश्न येत नसल्यामुळे मी त्यावर कधी बोलले नाही.

माझे यजमान खराडीजवळच्या एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करून त्यांचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत असा भरला होता, की शिंपी त्या बाजूची बाही वेगळी कापायचा. मग देशात उदारीकरण आलं, गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले आणि कारखान्यातल्या कामगार खात्याचं नाव 'मनुष्यबळ विकास विभाग' झालं. मला शंका आली ती इथेच. विकास हा शब्द पाटीवर चढला की कुणाला तरी घरी बसावं लागतं.

एका संध्याकाळी हे घरी आले ते समोसा खाऊन.

"साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा-समोसा दिला."

"तुम्हाला? का?"

"एकेकाला बोलावतायत. मला काका म्हणाला. ऐच्छिक निवृत्तीची योजना आणलीय."

"आधीचे साहेब तर 'ए' म्हणायचे."

"हा नवीन आहे, एमबीए. 'काका, अजिबात कंपल्शन नाही हं, पूर्ण ऐच्छिक आहे,' म्हणाला. दोन-तीनदा म्हणाला."

"ऐच्छिक गोष्ट दोन-तीनदा कशाला सांगावी लागते?"

"अगं, वर्ग शाळेतच सोडून येत जा की."

ह्यांना लेथ सोडायचा नव्हता. ह्यांनी 'नको' म्हणून सांगितलं. साहेबांनी हसून मान डोलावली, आणि ते हसणं मला त्या समोशाहून वाईट वाटलं.

लवकरच लेथ 'दुरुस्तीसाठी' हलवला, तो परत आला नाही. त्याच्या जागी एक खुर्ची आली. "बसा काका, आयुष्यभर उभं राहून दमला असाल." नकार दिलेल्या आणखी एका कामगाराची खुर्ची शेजारी होती. दोघे शिफ्टभर बसून मोकळी जमीन बघायचे. वापर थांबला की स्नायू बारीक होतो, हे पुस्तकात एका ओळीत आहे. घरात ते घडताना मात्र काही महिने पाहावं लागलं. त्या दिवाळीला शिंप्याने नव्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या एकाच मापाच्या शिवल्या. दोन्ही नीट बसल्या.

त्याच सुमारास वर्गात स्नायूंचा धडा आला. "ऐच्छिक म्हणजे काय?" मी विचारलं. शेजारच्या खुर्चीवरच्या त्या कामगाराची मुलगी उभी राहिली.

"बाई, होय म्हणेपर्यंत विचारतात ते."

वर्ग हसला. मी तिला खाली बसायला सांगितलं. उत्तर चूक आहे, हे सांगायचं राहून गेलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे खूप दिवसांनी मोठ्याने हसले, मग एकदम थांबले. "तिचा बाप परवाच होय म्हणाला. आता खुर्ची एकच आहे."

दुसऱ्या दिवशी हेही होय म्हणाले.

कॅन्टीनमध्ये सपत्नीक सत्कार झाला. शाल, नारळ, आणि साहेबांचं भाषण. भाषणात 'कुटुंब' हा शब्द इतक्यांदा आला, की मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले. शेवटी आवाज खाली आणून साहेब म्हणाले, "काकांनी कोणत्याही दबावाविना, पूर्ण स्वेच्छेने—"

ह्यांना उचकी लागली. माइक ह्यांच्याजवळच होता.

साहेब थांबले. पुन्हा सुरू केलं. "पूर्ण स्वेच्छेने—"

पुन्हा उचकी. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "काका, कुणीतरी आठवण काढतंय!"

"लेथ असेल!" दुसरा म्हणाला, आणि कॅन्टीन हसायला लागलं.

कुणी पाणी आणून दिलं. ते प्यायल्यावर उचकी आणखी जोरात आली. साहेब वाकून हळूच म्हणाले, "काका, जरा थांबवता का?"

"साहेब, माझ्या इच्छेवर असतं," हे म्हणाले, "तर मी—" आणि पुन्हा उचकी.

भाषण तिथेच संपलं. उचकी बसस्टॉपवर आपोआप थांबली.

उचकी येते ती श्वासपटल अचानक आकुंचन पावल्यामुळे. श्वासपटलावर पट्टे असतात आणि त्याची गणना ऐच्छिक स्नायूंत होते.