धाकटीचं कॉलेज

आमची धाकटी मुलांना कधी हाक मारायची नाही. पोर रुसलेलं असो, चिखलात बसलेलं असो, ही आपली त्याच्यापासून चार हातांवर जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसणार आणि पावटे सोलायला घेणार. थोड्या वेळाने पोर आपणहून तिच्या पाठीला येऊन टेकलेलं असायचं. "हाक मारली की त्याला ठरवाया लागतं, जायचं का न्हाई," ती म्हणायची. "नुसतं बसलं की येतंय." मी मात्र दिवसभर 'सार्थक, ए सार्थक' करून घसा बसवून घ्यायची. नेऱ्यातल्या आमच्या आळीत माझ्या मुलाचं नाव कुत्र्यामांजरांनासुद्धा पाठ झालं होतं, फक्त त्यालाच नव्हतं.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. माहेर ताम्हिणीकडचं, त्यामुळे बोलणं थेट घाटातलं. लग्न होऊन आली तेव्हा सार्थक दोन वर्षांचा होता आणि मुलगे उशिराच बोलतात असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. पुढे डॉक्टरांनी 'स्वमग्न' हा शब्द सांगितला आणि आमचं सांगणं बंद झालं. त्या दिवशी घरात सगळे रडले. धाकटी तेवढी सार्थकशेजारी जाऊन त्याच्याबरोबर बाटलीचं झाकण गरागरा फिरवत बसली. मला तिचा इतका राग आला की काय सांगू. माझ्या पोराचं असं झालंय आणि ही खेळतेय. पण त्या संध्याकाळी सार्थक जेवला तो तिच्याच हातून.

जावाजावांचं वाटण्यांवरून बिनसतं म्हणतात. आमच्यात तो प्रश्नच नव्हता. जमीन मामंजींनी आधीच विकून टाकली होती, उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या होत्या, आणि त्यांत हिंजवडीला कामाला जाणारी पोरं भाड्याने राहत होती. चूल एक, भाडं एक. माझं दुखणं वेगळं होतं. पुढे तिला चिमी झाली, तीही अशी बोलकी की दात यायच्या आधीच बडबडायला लागली असं मामंजी सांगायचे. म्हणजे देवाने तिला बोलणारं पोर दिलं होतं, तरी माझं न बोलणारं पोरही तिच्याकडेच जायचं. एवढं काय म्हणून?

केस कापायचं उदाहरण सांगते. कात्री दिसली की सार्थक घर डोक्यावर घ्यायचा. मी आणि त्याचे वडील त्याला धरून, दाबून, रडवून कापायचो. धाकटीने त्याच्या खेळण्यांत एक बोथट कात्री नुसती टाकून ठेवली. मग त्याच्यासमोर स्वतःच्या वेणीचं टोक कापलं. मग चिमीच्या बाहुलीचे केस कापले. दिवाळीच्या आधी तो स्वतः तिच्यापुढे मान खाली घालून बसला. शेजारच्या बायका बघायला आल्या होत्या. मीही कौतुकाने हसले, आणि आत जाऊन भांडी आपटली.

महाळुंग्याला आम्ही त्याला थेरपीसाठी न्यायचो. तिथे मला एकटीला जमायचं नाही म्हणून धाकटी बरोबर असायची. एकदा तिथल्या नव्या बाईंनी तिचं त्याच्याशी वागणं बराच वेळ बघितलं आणि तिलाच म्हणाल्या, "आईला बरोबर कळतं बघा मुलाचं." मी शेजारीच उभी होते, पाण्याची बाटली धरून. धाकटी गडबडून म्हणाली, "आई ह्या हायेत, मी काकी." बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत तिच्याकडे वळून विचारलं, "तुम्ही ग्रॅज्युएट आहात का? मग स्पेशल बी.एड. करा. अशी माणसं हवी आहेत आम्हाला." बी.ए. ती बाहेरून झाली होती, तेही मला तेव्हाच कळलं.

तिने ते मनावर घेतलं. आता गोष्ट अशी होती, की अशा मुलांच्या शिक्षकांना पगार बेताचा आणि शहरातल्या कॉलेजांची फी मात्र डोळे पांढरे करणारी. मामंजींचा शिकण्याला विरोध नव्हता. "शीक," ते म्हणाले, "पन स्वस्तात शीक. शिकून जे मिळनार न्हाई ते आदीच कशाला घालवायचं?" मग सुरू झाली स्वस्त कॉलेजची शोधाशोध. आमच्या घराला शोधाशोध माहीत होती ती फक्त जमिनीची. त्यामुळे कॉलेजही आम्ही तसंच बघितलं.

पहिलं सापडलं ते हिंजवडीच्या रस्त्याला, हार्डवेअरच्या दुकानाच्या वर. फी अगदी परवडेल अशी, वर्ग फक्त रविवारी, हजेरीची सक्ती नाही. मला तर वाटलं, झालं, सुटलो. मामंजी टोपी काढून बसले, पाणी प्यायले आणि तिथल्या सरांना म्हणाले, "आता तुमचा सात-बारा दावा."

सर हसले. "आजोबा, हे कॉलेज आहे."

"म्हनूनच म्हनतो. ह्या डिग्रीला वरची मान्यता लागती, असं सूनबाई सांगत हुती. त्या मान्यतेचा कागद दावा."

"मान्यता प्रोसेसमध्ये आहे," सर म्हणाले.

मामंजींनी टोपी घातली. "आमच्या गावात लई लोकांनी प्रोसेसमदले प्लॉट घेतलेत. ताबा हाय, नाव न्हाई. चला गं."

पुढे चौकशी केली तेव्हा कळलं, की अशा मुलांच्या शिक्षकाला केंद्र सरकारच्या परिषदेत नाव नोंदवावं लागतं. मान्यता नसलेल्या ठिकाणची पदवी घेतली तर ते नाव लागतच नाही. फी भरायची, दोन वर्षं घालवायची आणि हातात नुसतं भिंतीवर लावायचं चित्र. त्यानंतर मामंजी गावात कुणाच्याही पोरीच्या कॉलेजला हाच प्रश्न विचारायला लागले.

धाकटीची तपासायची रीत निराळीच होती. ती प्रत्येक ठिकाणी सार्थकला बरोबर न्यायची. मी भडकले. म्हटलं, "माझं पोर म्हणजे काय तुझी कॉलेजं मोजायची फूटपट्टी आहे का?" ती शांतपणे म्हणाली, "ताई, आपन फी बगतो, मामंजी कागद बगत्यात. सार्थक काय बगतो, ते बी बगू की." मग मीही हट्टाने दर वेळी बरोबर जायला लागले. माझं पोर असं दुसऱ्याच्या भरवशावर कोण सोडेल?

पुण्यातल्या एका चकचकीत कॉलेजात सवलतीची जागा मिळेल असं समजलं होतं. आत गेलो तर सार्थक तिथल्या काचेच्या दाराला हात लावून आवाज काढायला लागला. टेबलामागची बाई म्हणाली, "मुलाला जरा बाहेर बसवता का? इथे अ‍ॅडमिशनचं काम चाललंय." धाकटी तिथूनच मागे फिरली. जिन्यात म्हणाली, "जितं हे पोर चालत न्हाई तितं हे शिकवत्यात काय?" सवलतीची जागा हातची गेली म्हणून दीर तिला बोलला, पण मला त्या वेळी, पहिल्यांदाच आणि एकदाच, तिचा अभिमान वाटला.

शेवटी मिळालं ते साताऱ्याच्याही पलीकडे. जुनी अनुदानित संस्था, सरकारी फी, वसतिगृह स्वस्त, मामंजींनी मागायच्या आत मान्यतेचा कागद भिंतीवर टांगलेला. वर कॉलेज आणि खाली अशाच मुलांची शाळा. आम्ही गेलो तेव्हा एक वयस्कर बाई सतरंजीवर बसून मणी ओवत होत्या. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं आणि सार्थककडे बघितलंसुद्धा नाही. तो थोडा वेळ दारात घुटमळला. मग खाली बसून त्याने आपले बूट काढले, जोडीने भिंतीला लावले, आणि त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसला. घरी एक बूट काढायला मला गाणं म्हणावं लागतं. इथे परक्या गावात, परक्या बाईसाठी त्याने दोन्ही काढले.

"हितंच," धाकटी म्हणाली.

मला आनंद झाला होता, आणि तो का झाला होता हे मला चांगलं ठाऊक होतं. ते गाव लांब होतं. रोज ये-जा करण्यासारखं नव्हतं. दोन वर्षं माझं पोर माझं एकटीचं.

वसतिगृहात मूल ठेवू देत नव्हते. दीर कंपनीची गाडी चालवतो, त्याची पाळी रात्रीची. त्यामुळे तीन वर्षांच्या चिमीला धाकटी माझ्याकडे सोडून गेली. जाताना चिमीच्या काही सूचना केल्या नाहीत. सार्थकच्या मात्र पुष्कळ केल्या, आणि पुढे फोनवरूनही चालूच. "ताई, शर्टाची समदी बटनं तुमी लावा, पन शेवटचं त्याला ठेवा. ते जमलं की शेवटची दोन." मी म्हटलं, मला शिकवतेस? पण केलं तसंच. आणि जमलं. सार्थकने स्वतःचं बटण लावलं आणि माझ्याकडे बघितलं. एवढी मोठी गोष्ट, पण ती तिच्या सांगण्यावरून जमली होती, म्हणून धड आनंदही होईना.

चिमीचं मात्र मला काहीच शिकावं लागलं नाही. मी 'जेवलीस का' म्हटलं की ती 'जेवले' म्हणायची. एवढंच. ज्यांच्या घरी मुलं बोलतात त्यांना यात काय आहे ते कळणार नाही. मी तिला दिवसातून कितीदा तरी उगीचच प्रश्न विचारायची. पाणी हवं का, झोप आली का, आकाशात काय आहे. ती उत्तर द्यायची आणि मी ऐकत बसायची. ती मला आधीपासून मोठी आई म्हणायची. नंतर कधीतरी त्यातलं 'मोठी' गळालं. ते मी दुरुस्त केलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीला धाकटी आली. वाळली होती, हातात पिशव्याच पिशव्या. सार्थकने तिला दारातच ओळखलं. तिच्या पदराचा वास घेतला आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसला. चिमी माझ्या मागे लपली. धाकटी हसली, ओसरीत बसली, आमच्याकडे पाठ केली आणि पावट्यांची टोपली पुढे ओढली. शेंगा संपत आल्या तरी चिमी हलली नाही. मग मी कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं. धाकटी मान वळवून म्हणाली, "चिमे, ये की गं."

चिमी माझ्या साडीत तोंड खुपसून म्हणाली, "आई, तिला सांग ना, मी नाही येत."

धाकटीचे हात थांबले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. वाटलं, आता कळेल बाईंना. आणि लगेच तिच्या चेहऱ्याकडे बघवेना, कारण तसला चेहरा घेऊन मी त्या घरात कितीतरी वर्षं वावरले होते.

भाऊबीज झाली तरी ती बॅग भरेना. स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, मी न्हाई जात आता. डिग्री मिळंल, पन पोरगी हातची जाईल."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "गुमान जायचं. अर्धवट शिकून माझ्या पोराला हात लावायचा नाही. तुझ्याकडून जे त्याला मिळतं ते माझ्याकडून मिळत नाही, हे काय मला दिसत नाही? माझं पोर तुझ्या पाठीला चिकटलेलं बघत मी जगले ना इतकी वर्षं? मेले का मी? तूही मरणार नाहीस."

धाकटी हळूच म्हणाली, "ताई, तुमाला येवढं दुखत हुतं व्हय?"

"अजून दुखतं," मी म्हटलं आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा आली. सार्थक तिच्याआधी आत जाऊन बसला आणि उतरेना. मी आणि त्याच्या वडिलांनी त्याला ओढून बाहेर काढलं तेव्हा त्याने माझ्या हाताला चावा घेतला. चिमी माझ्या कडेवरून आनंदाने टाटा करत होती. धाकटीने टाटा केला, मग समोर बघत रिक्षावाल्याला चला म्हणाली.

आता तिचं शेवटचं वर्ष संपत आलंय. ती आली की सार्थक तिच्याकडे जाईल हे मला माहीत आहे. तो तिच्याकडे गेला तरच कधीतरी दोन शब्द बोलेल हेही माहीत आहे, म्हणून तिने उद्या यावं असं वाटतं. आणि चिमीही जाईल. पोटची आहे, किती दिवस रुसेल? म्हणून तिने येऊच नये असंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

परवा तिचा फोन आला. "ताई, परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी निगते."

मी म्हटलं, "घाई करू नकोस. निकाल हातात घेऊनच ये."

"निकालाला दोन म्हैने लागत्यात, ताई."

"लागू देत," मी म्हटलं.