गाडीतली बाई काय म्हणते

इथे परदेशात, टाकानिनीला, माझं गाड्या विकायचं यार्ड आहे. सगळ्या गाड्या जपानहून येतात, वापरलेल्या. गाडी सुरू केली की आतून एक बाई जपानीत काहीतरी गोड बोलते. वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, "ती तुमचं स्वागत करतेय." तेवढ्यानं माणूस खूश होतो आणि घासाघीस जरा कमी करतो. सकाळी यार्डात एकटा असलो की मीही तिला नमस्कार करायचो.

गेल्या महिन्यात बायकोनं मला हॅमिल्टनला जपानी सिनेमाला नेलं. तिचा भाऊ तिथे डॉक्टर आहे. रात्री त्याच्याकडे जेवायचं होतं. तिच्या माहेरच्यांत माझं डोकं लवकर तापतं, ते आधीच थंड करून न्यावं हा तिचा डाव. तिकीट काढताना मी विचारलं, "दोघांचं मिळून किती सोडाल?" बायको लगेच भिंतीवरचं पोस्टर वाचायला लागली.

गोष्ट नेहमीचीच. मुलगा बड्या घरातला, मुलगी गॅरेजमध्ये कामाला. पण तिच्या नखांत खरं काळं ऑइल होतं. माझ्यासारखी नखं असलेली नायिका मी पहिल्यांदाच बघितली. तिच्या शेजारी काम करणारा माणूस आपल्याकडचा, सावळा, मोडकंतोडकं जपानी बोलणारा. असल्या माणसाला एरवी पडद्यावर हसण्यापुरतं आणतात. ह्याला नाव होतं, घरचा डबा होता, मालकाशी भांडायचा हक्क होता. ज्यानं हे लिहिलं त्याचे मनातल्या मनात आभार मानले.

मग ती मुलगी त्या मुलाची गाडी सुरू करते. तीच बाई, तेच वाक्य! खाली इंग्रजीत अक्षरं आली: टोलचं कार्ड घातलेलं नाही. अख्खं थिएटर हसलं, कारण ह्या देशात निम्मे लोक जपानहून आलेल्या जुन्या गाड्याच चालवतात, आणि त्यांत ती असतेच. बायको डोळे पुसत म्हणाली, "स्वागत काय रे! वीस वर्षं टोलचं कार्ड मागतेय ती."

मीही हसलो. पण पुढे मुलाच्या घरी सगळे जेवायला बसतात आणि तो म्हणतो, "ही वाहन उद्योगात आहे." माझं डोकंच सरकलं. "बघ! हेच! अगदी हेच!" मी ओरडलो. पुढच्या रांगेतली आजी दचकून वळली.

बायको फार्मसिस्ट, डॉक्टरांच्या घरातली. मी दुसऱ्याच्या यार्डात गाड्या धूत वर आलो. आणि लग्नाआधीपासून ही माहेरी सांगते, "त्याचा इम्पोर्टचा बिझनेस आहे." ते मला आजही टोचतं.

गाडीत बसल्यावर विचारलंच. "खरं सांग, तुला माझी लाज वाटते?"

"इम्पोर्टचा बिझनेस, हे शब्द कुणाचे?"

"तुझे!"

"माझे? बाबांशी फोनवर बोलायच्या आदल्या दिवशी तूच म्हणालास, मालाचं नाव नीट सांगितलं तरच भाव येतो. मी सरळ 'गाड्या धुतो' सांगणार होते. तू शपथ घातलीस."

आठवलं. धुवायच्या गाड्या इम्पोर्टेडच होत्या, असंही वर म्हणालो होतो.

"मग नंतर तरी सांगायचंस."

"तू शपथ सोडवलीस कधी?"

राग कुणावर काढावा कळेना. माझा शब्द तिनं माझ्यापेक्षा नीट सांभाळला होता.

"सुटली," मी म्हणालो आणि गाडी सुरू केली.

बाई बोलली. "नाहीये गं कार्ड," बायकोनं तिला सांगितलं.

जेवताना मेव्हण्याच्या एका डॉक्टर मित्रानं विचारलं, "तुम्ही काय करता?" मी घास गिळेपर्यंत बायकोच म्हणाली, "गाड्या धुवायचा. आता स्वतःच्या विकतो. घ्यायला गेलात तर भाव करू नका, हराल."