एकाच आजोबांच्या फायली

इस्पितळाच्या तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये तिला सगळे कुरकुरताई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. कुरकुर करण्यासारखं तिथे रोज ताटभर वाढलेलं असायचं. बुरशीचा वास, गंजलेल्या टाचण्या, वाळक्या रक्ताचे डाग पडलेले केसपेपर आणि त्याच टेबलावर डबा उघडून बोटं चाटणारे सहकारी. ती आपला डबा बाहेर जिन्यात बसून खायची.

काम होतं जुन्या फायली स्कॅन करून संगणकात घालण्याचं. डॉक्टरांचं अक्षर यंत्राला वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक फायलीच्या तोंडाशी एक छापील कव्हरपान ठेवायचं, त्यावर पेशंटचं नाव. यंत्र तेवढंच वाचणार आणि मागची सगळी पानं त्या नावाखाली लावणार. पुढे नाव टाकलं की फाइल समोर.

पण प्रिंटर रडतखडत चालणारा आणि साहेबांना घाई. त्यांनी डोकं लढवलं. कुणा एका आजोबांचं कव्हरपान उचललं आणि सांगितलं, हेच प्रत्येक फायलीवर ठेवा आणि सारा आत.

"साहेब, सगळ्या फायली त्या आजोबांच्या नावावर जातील की!"

"जाऊ द्या हो. नावं मागाहून दुरुस्त करू. जुनी फाइल शोधायला येतंय कोण?"

मागाहून म्हणजे कधीच नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ती कुरकुरली, आणि कुरकुरत तेच पान सारत राहिली. हाताळून हाताळून ते तेलकट झालं. मूळ कागद लगद्याला गेले. साहेबांचा सत्कार झाला तेव्हा त्यांनी मोठ्या पडद्यावर त्या आजोबांचंच नाव शोधून दाखवलं. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढाच काय तो तिचा पराक्रम.

मग एका सकाळी तिची थोरली जाऊ आतडं अडकल्यामुळे तिथेच दाखल झाली. मागे एकदा भूल दिल्यावर ती काळीनिळी पडली होती, एवढंच घरच्यांना आठवत होतं. कुठल्या औषधाने, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ऑपरेशन इथेच झालं होतं ना? मग फायलीत असेल," भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पटकन बघून या. फार वेळ थांबता येणार नाही."

ती धावत खाली आली. जावेचं नाव टाकलं. काही सापडलं नाही. आजोबांचं टाकलं, तर अख्खं इस्पितळ उघडलं. ती वेड्यासारखी पानं उघडत सुटली. कुणाचा मोडलेला पाय, कुणाचं बाळंतपण, कुणाचा मुतखडा.

"काय शोधताय?" मागे साहेब चहा फुरकत उभे होते.

"तुमची घाण," ती म्हणाली.

वरून फोन आला. आता थांबणं शक्य नव्हतं. तिने वर जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं ते सांगितलं. "मग भूल अंदाजानेच द्यावी लागेल," त्या म्हणाल्या आणि हातमोजे चढवायला वळल्या.

स्ट्रेचरवरून जाऊ म्हणाली, "तुझ्याच खात्यातलं काम, म्हणून मी निर्धास्त आहे बघ. सापडलं ना गं?"

"सापडलं, जाऊबाई."

जावेने तिचा हात घट्ट धरला. ते पान सारणारा हाच हात. तिला त्याची इतकी किळस आली की तो झटकन ओढून घ्यावासा वाटला. पण जावेने तो दारापर्यंत सोडला नाही.