लाल दोरा, पांढरा दोरा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही: बाटल्यांचे दोरे मी तोडले.

आमच्या कारंज्याच्या कॉलेजात, रसायनाच्या प्रयोगशाळेत एक परिचर होता. फ्रिजमधल्या ओलीनं चिठ्ठ्या गळून पडत, म्हणून तो प्रत्येक बाटलीच्या गळ्याला वेगळ्या रंगाचा सुताचा दोरा बांधायचा. कुणी बाटली मागितली की आधी दोऱ्यावरून अंगठा फिरवायचा. "पयले दोरा पाहा, मंग झाकन उघडा." असा एखादा माणूस तुमच्याही कॉलेजात असेल. सगळं त्याच्यावर चालतं आणि फळ्यावर नाव दुसऱ्याचं असतं.

मी तेव्हा पीएच.डी. करत होतो. माझ्या रेणूच्या एका टोकाला क्लोरीन, दुसऱ्याला ट्रायफ्लेट नावाचा गट. पॅलेडियम हा धातू यातलं एक टोक तोडून तिथं नवा तुकडा जोडतं. कुठलं टोक, ते पॅलेडियमला चिकटलेला जोडीदार रेणू, फॉस्फिन, ठरवतो. लाल दोऱ्याचा फॉस्फिन क्लोरीनकडे नेतो, पांढऱ्याचा ट्रायफ्लेटकडे. त्याला हे सांगायला मी अख्खा फळा भरला. तो म्हणाला, "म्हंजे पॅलेडियम घरधनी. बायको संगं असली त देवळात जाते, साळा संगं असला त टपरीवर. मानूस तोच!"

हे वाक्य मी आजही वर्गात सांगतो. माझं म्हणून.

तपासणी समिती यायची होती. मी कात्री घेतली.

"काहून तोडता सर? चिठ्ठी धोका देते."

"समितीसमोर हा गंड्यादोऱ्यांचा बाजार नको."

छापील चिठ्ठ्या मीच लावल्या. नकळत, याची त्याला आणि त्याची याला. दोन्ही भुकट्या पांढऱ्याच, दिसायला सारख्या.

मला ट्रायफ्लेटची बाजू हवी होती. दोन महिन्यांचा सगळा माल क्लोरीनच्या बाजूनं जोडला गेला. अहवाल हातात घेऊन विभागप्रमुख त्याच्यावर ओरडले, "बाटल्या तूच हाताळतोस ना?" अहवाल त्याला दाखवलासुद्धा नाही.

"म्या नाही बदलल्या. इचारा या सरायले."

चिठ्ठ्यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली, हे मला तोवर कळलं होतं. मी वजनकाट्याकडे बघत राहिलो. त्याची नेमणूक वर्षावर्षाची; जूनमध्ये त्याला परत घेतलं नाही.

प्रमुखांचा राग येतोच, पण त्यांना खरं ठाऊक नव्हतं. मला होतं. वर त्याच चुकीचा मी प्रबंधात चौथा अध्याय केला: फॉस्फिन बदलून दोन्ही बाजूंनी जोडून दाखवलं, जणू पहिल्यापासून तसंच ठरवलं होतं. पदवी मिळाली. आज प्रमुखांच्या खुर्चीत मी बसतो. लाज वाटते म्हणणंही आता नाटकी वाटतं, इतकी वर्षं मी तिच्यावर आरामात बसलोय.

गेल्या वर्षी तो एसटी स्टँडवर भेटला. केस पिकलेले.

"सर, तवा कोन्या बाजूनं जोडलं होतं?"

"क्लोरीनच्या."

त्यानं डोळे बारीक केले. "म्हंजे चिठ्ठी पांढऱ्याची अन् माल लालचा. चिठ्ठ्या त तुमी लावल्या होत्या."

"हो."

"बारा वर्षं मी सोताले इचारून राह्यलो, आपलाच हात चुकला का म्हनून. बारा वर्षं, सर!"

"माफ कर मला."

"मले कायले सांगता? ज्यायच्यासमोर मले उभं केलं, त्यायले सांगा."

कामरगावची गाडी लागली. तो मागं न बघता चढला. पुन्हा दिसला नाही.

चिठ्ठ्या मी उलट्या लावल्या, त्याचा हात चुकला नव्हता, एवढं मला संस्थेला सही करून लिहून द्यायचं आहे. अजून दिलेलं नाही.