बिनशिवणीचा अंगरखा

येशूचा अंगरखा एकसंध विणलेला होता, म्हणून क्रूसाखालच्या सैनिकांनी तो वाटून घ्यायला फाडला नाही, कुणाला मिळावा यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. चर्चमध्ये हे सांगताना मी भर घातली, “अंगठीतून आरपार जायचा! देवदूतांनी चुटकीसरशी विणलेला!”

मागावर बसणाऱ्या सगुणामावशी हसल्या. “त्यांची कंबर दुखत नसेल, भाऊ. तुम्हाला दिलेल्या पंच्याला मला चार दिवस लागले.”

बाहेर माझ्या स्कूटरवर तोच पंचा लोंबत होता, पुसायला म्हणून अर्धा फाडलेला, तेलानं काळा. मावशींनी सुटलेले धागे जुळवले, गाठ मारली आणि निघाल्या.

माणसाला खिळे ठोकणारे हातसुद्धा विणीपुढे थबकले होते. माझे नाही थबकले.

तो पंचा खांद्यावर टाकून घरी गेलो. पांढरा सदरा काळा झाला. “हे काय?” बायकोनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही.