कंसाबाहेरचा दोन

आमच्या घरामागचं लॉन मी काडेपेटी न वापरता जाळलं. नुसत्या टक्केवारीने.

आयर्लंडमधल्या गॉलवेत आम्ही भाड्याने राहतो. मी एका मेडिकल डिव्हाइस कंपनीत क्वालिटीला आहे. लोकांनी छापलेल्या लेबलांमधल्या चुका काढायचा मला पगार मिळतो (घरी हेच काम मी फुकट करते, असं माझा नवरा मिलिंद म्हणतो). तर आमचा घरमालक शॉन पंधरा दिवसांनी येणार होता, करार वाढवायचा की नाही ते ठरवायला. इथे दुसरं घर शोधण्यापेक्षा दुसरा नवरा शोधणं सोपं! त्यातून शॉनचा जीव त्या लॉनमध्ये, आणि लॉन पडलेलं फिकट, मरगळलेलं.

"युरिया!" मी जाहीर केलं आणि गावाबाहेरच्या शेतकी दुकानातून एक पिशवी घेऊन आले. नेमका आमच्या सोळा वर्षांच्या सईला केमिस्ट्रीचा होमवर्क तोच होता: युरियात नायट्रोजन किती टक्के? म्हटलं, हिला शिकवूनच टाकू.

"हे बघ, सगळ्या अणूंची वजनं मांडायची. कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा, नायट्रोजन चौदा, हायड्रोजन दोन. झाले चव्वेचाळीस. त्यातले चौदा नायट्रोजनचे. म्हणजे बत्तीस टक्के. संपलं!"

"बट आई, द बॅग सेज फॉर्टी-सिक्स."

"बॅग चुकलीय."

"आई, आय थिंक देअर्स अ टू..."

"सई, बारावीला केमिस्ट्रीत मी कॉलेजात पहिली आले होते!" (कॉलेज केवढं होतं, हे सुदैवाने कोणी विचारत नाही.)

सेहेचाळीस छापायचं आणि बत्तीस द्यायचं? पिशवी गाडीत टाकून मी थेट दुकान गाठलं. काउंटरवर एक धिप्पाड आजोबा होते. मागे रबरी बूट घातलेल्या शेतकऱ्यांची रांग.

"तुमच्या पिशवीत नायट्रोजन कमी आहे," मी म्हटलं.

आजोबांनी पिशवी उचलून बघितली. "जड तर आहे की, लव्ह."

"वजनाचं नाही हो! टक्केवारीचं!" आणि मी त्यांच्याच पावतीच्या मागे सगळं गणित मांडायला घेतलं. रांग वाढत गेली. कोणाचा तरी कुत्रा भुंकायला लागला. शेवटी आजोबांनी फळीवरून आणखी एक पिशवी काढली आणि माझ्या हातात कोंबली. "ही फुकट घेऊन जा. आता सगळं ग्रँड ना?"

म्हणजे दुकानाने चूक कबूल केली! मी विजयी मुद्रेने घरी आले. नायट्रोजन कमी, तर युरिया जास्त, हे साधं त्रैराशिक. पिशवीवर लिहिलेल्या मापाच्या दीडपट मी मुठीमुठीने फेकला, आणि दुसरी पिशवी आयती मिळालीच होती, म्हणून वर थोडा आशीर्वादासारखा.

आणि गॉलवेतला पाऊस, ज्याला आम्ही बारा महिने शिव्या घालतो, तो नेमका रुसला! आठवडाभर लख्ख ऊन. शेजारीपाजारी हाफ पँट घालून बाहेर, आणि आमचं लॉन आधी पिवळं, मग तपकिरी, मग करपलेल्या भाकरीसारखं. जिथे माझी मूठ पडली तिथे गोल चट्टा. मिलिंद डॉक्टर आहे. त्याने खिडकीतून एकदाच पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "अगं, पेशंट गेलाय."

त्या संध्याकाळी सई रिकामी पिशवी घेऊन माझ्यासमोर बसली. पिशवीवरच्या आणि पुस्तकातल्या टक्क्यांवरून तिने उलटं गणित केलं. कार्बनचे वीस टक्के भागिले बारा, नायट्रोजनचे सेहेचाळीस भागिले चौदा, मग दोघांचं गुणोत्तर. एका कार्बनमागे नायट्रोजन दोन!

"कसे दोन?"

तिने पुस्तक पुढे सरकवलं. सूत्रात एनएच-टू कंसात होतं आणि कंसाबाहेर एक छोटासा दोन. कंसातलं सगळं दोनदा घ्यायचं.

"हा दोन होय?" मी म्हटलं. "मला वाटलं, हे प्रश्नाचे मार्क आहेत!"

"आय डिड से, आई," सई म्हणाली. फार शांतपणे म्हणाली. तेच जास्त लागलं.

रविवारी शॉन आला. मिलिंदचं मत होतं, पडदे ओढून घेऊ. पण मी ठरवलं, सरळ सांगायचं. शॉनला चहा दिला, मागच्या दारात उभं केलं आणि कंसासकट सगळं समजावलं. तो कप घेऊनच पायरी उतरला आणि एकेक चट्टा बुटाच्या टोकाने उकरून बघायला लागला. माझ्या डोळ्यांसमोर आमची खोकी, गाद्या, कुकर सगळं फुटपाथवर येऊन पडलं.

"म्हणजे हे सगळं त्या एवढ्याशा दोनमुळे?" त्याने विचारलं.

"हो."

मग तो असा हसला, असा हसला, की कपातला चहा त्या गवतावर सांडला (त्या आठवड्यात गवताला मिळालेलं तेवढंच पाणी!). "बी पेरू, येईल परत," म्हणाला आणि टेबलावर बसून करार दोन वर्षांसाठी वाढवला. फक्त खाली हाताने एक अट लिहिली: लॉनवर काहीही टाकण्याआधी भाडेकरूने आपल्या मुलीची परवानगी घ्यावी.

मी सही केली. मिलिंद पुढे सरसावला आणि अगदी नम्रपणे शॉनला म्हणाला, "आमटीतल्या मिठालाही हीच अट लावता आली तर बघा ना!"